मास्क दाराच्या कोणत्या बाजूला?

पाण्याच्या शुद्धीकरण केंद्रावर पाहणीला जाणाऱ्या नगरसेवकांनी, पत्रकारांनी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तिथे एकच प्रश्न विचारावा. क्लोरीनचा मास्क कुठे आहे? मास्क आहे का, असे विचारू नये. त्याचे उत्तर ठरलेले असते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. मास्क असतो. निविदेत होता, पुरवठादाराने दिला, नोंदवहीत चढला. प्रश्न जागेचा आहे.

अनेक ठिकाणी उत्तर मिळते, आत आहे, कपाटात. कपाट क्लोरीनच्या खोलीत असते. कपाटाला कुलूप असते. किल्ली दिवसपाळीच्या सुपरवायझरकडे असते. मास्क बहुधा अजून प्लास्टिकच्या पिशवीत असतो. काच स्वच्छ, पट्टे कडक, एकदाही न ओढलेले. पाहुण्यांना तो अभिमानाने दाखवला जातो. पाहुणे मान डोलावतात आणि पुढे गाळणीच्या टाक्या बघायला जातात.

इथेच थांबायला हवे. क्लोरीन ज्या खोलीत गळणार, त्याच खोलीत क्लोरीनपासून वाचवणारी वस्तू ठेवली आहे. ती मिळवायची तर वायूत शिरावे लागेल. वायूत शिरायचे तर ती आधी तोंडावर हवी. ही व्यवस्था कोणाच्याही लक्षात येत नाही, असे मानता येत नाही. ती सगळ्यांना दिसते. बदलत कोणी नाही.

क्लोरीनचा स्वभाव या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. गळला की वर जात नाही, जमिनीलगत पसरतो, पायऱ्या उतरतो, पाइपांच्या खंदकात साठतो. टोनरमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरमध्ये, तो दाबाखाली द्रव होऊन राहिलेला असतो. द्रव बाहेर आला की त्याचा साडेचारशे पटींच्या आसपास वायू होतो. 900 किलोच्या एका भरलेल्या टोनरमधून सुमारे 300 घनमीटर वायू निघू शकतो. दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि पाच मीटर उंच खोली काठोकाठ भरेल एवढा.

पण खोली भरण्याची वाट पाहावी लागत नाही. हवेच्या दहा लाख भागांत क्लोरीनचे 10 भाग झाले की जिवाला तत्काळ धोका, अशी मर्यादा धरली जाते. तेवढ्याच आकाराच्या बंद खोलीत या मर्यादेपर्यंत पोचायला सुमारे 9 ग्रॅम क्लोरीन पुरतो. टोनरमधल्या मालाचा हा लाखावा भाग. व्हॉल्व्हच्या जोडावर जुनाच वॉशर पुन्हा बसवला, नळी नीट आवळली गेली नाही, एवढे कारण त्याला पुष्कळ होते.

आणि टोनर काही वर्षातून एकदा बदलायचा नसतो. दर लिटरला दोन मिलिग्रॅम मात्रा धरली तर रोज 10 कोटी लिटर पाणी देणाऱ्या केंद्राला दिवसाला 200 किलो क्लोरीन लागतो. म्हणजे साधारण साडेचार दिवसांनी एक टोनर संपतो. दर वेळी जुना सोडायचा, नवा जोडायचा. सर्वांत जपून करायचे काम हेच, आणि तेच सर्वांत सवयीचे. सवयीच्या कामात माणूस मास्क चढवत नाही. चढवायचा म्हटला तर तो कुलपात. वासाचीही सवय होते. रोज थोडा थोडा वास घेणाऱ्याला आज तो वाढला आहे हे उशिरा कळते.

मग मास्क आत का? याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण खरे कारण कार्यालयाच्या रिवाजात आहे. मास्क ही सरकारी मालमत्ता. ती डेडस्टॉक रजिस्टरला लागलेली असते. वर्षअखेरीस पडताळणी होते. वस्तू सापडली नाही तर ज्याच्या नावावर आहे त्याच्या पगारातून वसुली होते. दाराबाहेर उघड्यावर टांगलेला मास्क हरवू शकतो, धूळ खातो, कोणीतरी त्याचे पट्टे तोडतो. कुलपातला मास्क हरवत नाही. ज्याच्या सहीने तो आला, त्याच्या दृष्टीने कपाट हीच सुरक्षित जागा. वस्तू सुरक्षित, माणूस असुरक्षित.

लेखापरीक्षकही हेच पाहतो. नोंद आहे का, बिल जुळते का, नग मोजून बरोबर आहेत का. हरवलेल्या मास्कवर लेखाक्षेप निघतो. वेळेला हाती न येणाऱ्या मास्कवर निघत नाही. सुपरवायझरला दोष देऊन म्हणूनच भागणार नाही. त्याने नियम पाळला आहे. त्याला जो नियम दिला गेला तो भांडारगृहाचा होता.

पंख्याचीही तीच गत. खोलीत एक्झॉस्ट फॅन असतो, पण छताजवळ. स्वयंपाकघरात धूर वर जातो म्हणून तिथे तो वर बसवतात. क्लोरीन खाली बसतो. त्याला ओढून घेणारे तोंड जमिनीलगत हवे. बटण दाराबाहेर हवे, म्हणजे आत पाऊल टाकण्याआधी पंखा सुरू करता येईल. ते आत असेल तर पंखा आणि मास्क दोन्ही बंद दाराआड गेले. बाहेर उरतो तो ऑपरेटर.

हा ऑपरेटर कोण, तेही पाहावे. रात्रपाळीला पुष्कळदा तो एकटा असतो. पुष्कळदा तो महापालिकेचा नसतो, ठेकेदाराचा असतो. ठेका बदलला की माणसे बदलतात किंवा तीच माणसे नव्या नावाखाली राहतात. पंप, पॅनेल, तुरटीची मात्रा, टाकीची पातळी आणि क्लोरिनेटर, सगळे त्याच्याकडे. क्लोरीनच्या खोलीत एकट्याने जायचे नाही, दुसरा माणूस दाराशी उभा हवा, हा या कामातला जुना नियम. एका माणसाच्या पाळीत तो पाळणार कसा? मास्क हाती आला तरी दुसरा माणूस येणार कुठून, हे ठेक्याच्या कागदात लिहिलेले नसते. तिथे मनुष्यबळाची संख्या असते आणि दर असतो.

गळती झाली की पहिल्या काही मिनिटांत काय करायचे, हे पक्के ठरलेले आहे. अमोनियाच्या द्रावणात भिजवलेला बोळा काठीला बांधून जोडाजवळ न्यायचा. पांढरा धूर उठला की गळती तिथे. व्हॉल्व्ह बंद करायचा. टोनरच्या अंगातून गळत असेल तर तो असा फिरवायचा की छिद्र वरच्या बाजूला येईल, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर पडेल. या एका हालचालीने बाहेर पडणारा माल किती तरी पटींनी कमी होतो. गळक्या टोनरवर पाणी मारायचे नाही, कारण ओल्या क्लोरीनचे आम्ल होते आणि छिद्र आणखी खाते. मग गळती बंद करण्याचा संच लावायचा, नाहीतर वायू कॉस्टिक सोड्याच्या किंवा चुन्याच्या द्रावणात जिरवायचा.

यातली प्रत्येक गोष्ट टोनरपाशी उभे राहून करायची आहे. श्वास घेता येत असेल तरच ती करता येते. अमोनियाची बाटली, पाने, संच, कॉस्टिकची टाकी, सगळे मास्कनंतर येते. मास्क नसेल तर उरतो एकच पर्याय, दार लावून पळणे आणि अग्निशमन दलाला फोन करणे. तो पर्याय चुकीचा नाही. एकट्या, मास्क नसलेल्या माणसाने तेच करावे. मात्र बंब येईपर्यंत जे एका जोडातून गळत होते ते वस्तीत पोचलेले असते.

वस्ती आता भिंतीला लागून आहे. केंद्रे बांधली तेव्हा ती गावाबाहेर, टेकडीवर होती. मग शहर वाढले. क्लोरीन उतारावरून खाली येतो आणि खालीच माणसे राहतात.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये भोपाळच्या ईदगाह हिल्स भागात पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून क्लोरीन गळला. शेजारच्या मदर इंडिया वसाहतीतल्या लोकांना खोकला, उलट्या आणि डोळ्यांची जळजळ सुरू झाली. काहींना रुग्णालयात न्यावे लागले. विषारी वायूने 1984 मध्ये जे सोसायला लावले ते सोसलेल्या शहरात, नळाचे पाणी स्वच्छ करणाऱ्या सरकारी जागेतून हे घडले. जानेवारी 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडीत, महापालिकेच्या जलतरण तलावावर क्लोरीन गळला आणि पोहायला आलेले लोक रुग्णालयात गेले. त्याआधी, 2010 च्या जुलैत, मुंबईत शिवडीला बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरमधून गळती झाली. शंभराहून अधिक माणसांना उपचार घ्यावे लागले. या तिन्ही जागा वेगळ्या, कारणे वेगळी. तिन्हीकडे मालक सार्वजनिक यंत्रणा होती, एवढे मात्र समान. खासगी कारखान्यात असे झाले असते तर परवाना तपासायला हीच मंडळी गेली असती.

कायद्याची वजनकाट्याशी असलेली मैत्रीही इथे नडते. घातक रसायनांबाबतच्या 1989 च्या नियमांत क्लोरीनसाठी 10 टनांची मर्यादा आहे. साठा तिथवर पोचला की जागेची अधिसूचना, केंद्राचा आपत्कालीन आराखडा, त्याची रंगीत तालीम ही कर्तव्ये लागू होतात. 900 किलोचे 11 टोनर म्हणजे 9.9 टन. बारावा आला की मर्यादा ओलांडली. आता 11 टोनरच्या केंद्रातल्या रात्रपाळीच्या माणसासाठी हा फरक काय आहे? त्याचा जीव धोक्यात यायला 9 ग्रॅम पुरतात. नियमाची मर्यादा मोठ्या दुर्घटनेसाठी आखली आहे आणि त्या कामासाठी ती ठीक आहे. पण मर्यादेच्या खाली असलेल्या नगरपालिकेने तिचा अर्थ आराखड्याची गरज नाही असा काढला, तर तो अर्थ तिचा आहे, नियमाचा नाही. धोकादायक रसायन हाताळणाऱ्याने अपघात टाळण्याची आणि आपल्या माणसांना माहिती, प्रशिक्षण व साधने देण्याची जबाबदारी त्याच नियमांत आहे.

मास्क बाहेर आणला म्हणून काम संपले, असेही नाही. कोणता मास्क, हा पुढचा प्रश्न. डबी लावलेला मास्क हवा गाळतो. डबीची क्षमता मर्यादित, तिला मुदत असते, आणि दाट वायूत ती निरुपयोगी. गळतीच्या खोलीत जायला पाठीवर हवेचा सिलिंडर असलेले श्वसनयंत्र लागते. त्यातली हवा अर्ध्या-पाऊण तासाची. तो सिलिंडर भरलेला आहे की नाही हे काट्यावर दिसते, पण काटा कोणीतरी बघावा लागतो. पट्टे रबराचे असतील तर ते पडून पडून तडकतात. चेहऱ्यावर दाढी असेल तर कड नीट बसत नाही आणि वायू आत शिरतो. दाढी राखणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितले आहे का? त्याला तो मास्क एकदा तरी चढवून पाहायला दिला आहे का?

नवीन, पिशवीतला, चकचकीत मास्क ही वाईट खूण आहे. ज्या केंद्रावर मास्कच्या पट्ट्याला घामाचे डाग आहेत, काचेवर ओरखडे आहेत, तिथे तो कोणीतरी वापरून पाहिला आहे. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने जुना मास्क पाहून नाक मुरडू नये. त्याने तारीख पाहावी, काटा पाहावा आणि समोरच्या माणसाला तो चढवायला सांगावे.

क्लोरीन नको, असे इथे कोणाचेही म्हणणे नाही. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे म्हणून पटकी आणि हगवणीच्या साथी घराघरात शिरत नाहीत. त्या शिल्लक क्लोरीनची तपासणी रोज होते. गावागावात या तपासणीची, म्हणजे ओटी टेस्टची, नोंदवही असते. ती रिकामी राहिली तर जाब विचारला जातो, आणि विचारायलाच हवा. पाण्यात क्लोरीन किती आहे हे रोज लिहिणारी यंत्रणा, तोच क्लोरीन हाताळणारा माणूस किती सुरक्षित आहे हे महिन्यातून एकदाही लिहीत नाही.

वायूऐवजी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरा, असा सल्ला दिला जातो. त्यात तथ्य आहे. वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स सांडपाणी केंद्राने सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर काही आठवड्यांतच क्लोरीनचे रेल्वे टँकर आवारातून काढून टाकले आणि द्रावणाकडे वळले. आपल्याकडेही काही केंद्रे त्या वाटेने गेली आहेत. पण द्रावण उन्हाळ्यात लवकर अशक्त होते, त्याला जागा जास्त लागते, वाहतूक जास्त लागते. बदल करायचा तर अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, काम, असा वर्षांचा रस्ता आहे. तो रस्ता धरावा. मात्र तोवर टोनर बदलला जाणारच आहे, येत्या चार-पाच दिवसांत पुन्हा एकदा, आणि मास्क बाहेर आणायला मंजुरी लागत नाही.

लागते ती एका अधिकाऱ्याची सही. कार्यकारी अभियंत्याने लेखी आदेश काढावा. श्वसनयंत्राचे दोन संच, खोलीच्या बाहेर, वाऱ्याच्या उलट्या दिशेलाही एक, काचेच्या पेटीत, कुलपाशिवाय. ते हरवले तर ऑपरेटरच्या किंवा सुपरवायझरच्या पगारातून वसुली होणार नाही, हेही त्याच आदेशात लिहावे. हे वाक्य नसेल तर संच आठवड्याभरात पुन्हा कपाटात जातील. लेखा विभाग हरकत घेईल. ती आयुक्तांनी स्वतः निकालात काढावी. एका संचाची किंमत महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही.

पंख्याचे बटण बाहेर घ्यावे. ते एका वायरमनचे एका दिवसाचे काम आहे. ठेक्याच्या अटींत रात्रपाळीला दोन माणसे लिहावीत आणि त्या दुसऱ्या माणसाचे पैसे द्यावेत. आज त्याचे पैसे वाचतात, ते त्या पहिल्या माणसाच्या जिवावर.

आणि महिन्यातून एका रात्री, न सांगता, अभियंत्याने स्वतः केंद्रावर जावे. सोबत अग्निशमन केंद्राचा अधिकारी असावा, कारण गळती झाली की तोच येणार आहे आणि त्याने ही खोली त्याआधी पाहिलेली असावी. ऑपरेटरला म्हणावे, गळती झाली आहे असे समज. घड्याळ लावावे. मास्क हातात यायला किती सेकंद, चढवायला किती, दुसरा माणूस दाराशी यायला किती. चुकला तर रागवू नये, पुन्हा करायला लावावे. तारीख, वेळ, माणसाचे नाव आणि सेकंद त्या ओटी टेस्टच्या नोंदवहीशेजारी ठेवलेल्या वहीत लिहावेत, खाली सही करावी, आणि पहिल्या महिन्याचे पान स्थायी समितीपुढे ठेवावे.